आस्थेची लागण होत नाही

माणसांचं कामातलं लक्ष उडालं, की अनेक कंपन्यांत एक उपाय हमखास सुचवला जातो: एखादा उमदा, हसतमुख सहकारी त्या मरगळलेल्या टीममध्ये नेऊन बसवायचा. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही तरी गुण लागतो, हे आपण ऐकत आलोच आहोत. उत्साह आपोआप पसरतो, एक माणूस पुरे, असा हा युक्तिवाद. मला तो मान्य नाही.

त्यात तथ्य आहे तेवढं आधी सांगतो. सिगाल बारसाड यांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. छोट्या गटांना बोनसचं वाटप ठरवायला बसवलं होतं आणि प्रत्येक गटात अभिनय शिकलेला एक जण गुपचूप पेरला होता. तो प्रसन्न असला, की इतरांची मनःस्थिती सुधारे, सहकार्य वाढे, खटके कमी उडत. पण ही एका बैठकीपुरती गोष्ट झाली. माणूस कामात जीव कधी ओततो, हे विल्यम कान यांनी १९९० मध्ये मांडलं: कामाला अर्थ वाटला, मन मोकळं केल्यास आपलं नुकसान होणार नाही अशी खात्री असली आणि अंगात त्राण उरलं असलं, तर. शेजारच्याच्या नुसत्या हसऱ्या चेहऱ्यातून या तिन्ही गोष्टी मिळत नाहीत.

मग शेजाऱ्याचा परिणाम होतो तरी कसा? अलेक्झांडर मास आणि एनरिको मोरेट्टी यांनी अमेरिकेतल्या एका सुपरमार्केट साखळीतले कॅशियर अभ्यासले. निष्कर्ष २००९ मध्ये आले. पगार तासावर, म्हणजे हात भरभर चालवून जादा पैसे नाहीत. तरीही पाळीतले सहकारी दहा टक्क्यांनी अधिक तरबेज असले, की बाकीच्यांचा वेग साधारण दीड टक्क्याने वाढे. आणि हा परिणाम तरबेज कॅशियर नजरेसमोर असल्यामुळे होत नव्हता. ज्यांच्या पाठीमागे तो होता, ज्यांना तो पाहू शकत होता, त्यांचाच वेग वाढत होता. वारंवार एकाच पाळीत येणाऱ्यांमध्ये तर हे अधिक ठळक होतं.

कोणी म्हणेल, ही निव्वळ लाज, यात आस्था कुठली? धाक असेलही. पण मी रेंगाळलो तर माझी रांग शेजारच्याच्या अंगावर जाते. रोज भेटणाऱ्या माणसावर आपलं ओझं पडू नये, हे वाटणं मी आस्थेचाच आरंभ मानतो. ती कामाच्या दुव्यांवरून जाते; नुसतं शेजारी बसवून भागत नाही.

याच दुव्यांवरून उलटंही वाहतं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये चौदा कामगारांच्या एका खोलीचं निरीक्षण झालं. मोबदला गटाच्या उत्पादनावर होता, म्हणजे सगळ्यांनी झपाटून काम करायला हवं होतं. प्रत्यक्षात दिवसाचं रास्त काम किती, हे त्यांनी आपसांत ठरवलं होतं. फार वेगाने हात चालवणाऱ्याच्या दंडावर सहकारी ठोसा मारत. हा आळस होता असं म्हणणाऱ्यांना माझा उघड विरोध आहे. जास्त माल निघाला तर दर कापतील, माणसं कमी करतील, ही भीती त्यांच्यात होती, आणि मंदीच्या त्या वर्षांत ती निराधार नव्हती. हे लोक एकमेकांची भाकरी राखत होते. त्या खोलीत कितीही उत्साही माणूस पाठवला असता, तरी त्याच्याही दंडावर ठोसाच बसला असता.

म्हणून माझं म्हणणं असं: सहकारी उत्साही माणसाकडे पाहतात ते त्या उत्साहाचं फळ काय मिळतं हे जोखायला. आपल्या ऑफिसांत काय दिसतं? जो फाइल लवकर संपवतो त्याच्या टेबलावर दुसऱ्याची फाइल येते. सुट्टी मागितली तर ‘तुझ्याशिवाय अडेल’ हे उत्तर मिळतं. आजूबाजूचे दहा जण हे बघतात आणि आपला हात आखडता घेतात. तो पसरलेला निरुत्साह त्या दहांच्या स्वभावातला दोष नाही.

आस्था पसरावी असं खरंच वाटत असेल, तर ज्यांचं काम एकमेकांत गुंतलंय त्यांच्या पाळ्या जुळवाव्यात, जमलेली टीम दर तिमाहीला मोडू नये, आणि लवकर काम उरकणाऱ्याला लवकर घरी जाऊ द्यावं किंवा त्याचा मोबदला वाढवावा. याला पैसे लागतात, हा आक्षेप येणारच. लागतात. प्रेरणादायी भाषणालाही लागतात. फरक एवढाच, की मोबदल्यातली वाढ शेजारच्या टेबलावरच्यालाही दिसते आणि उद्या ती आपल्यालाही मिळू शकते हे त्याला कळतं.