विटांच्या घरातला जिना

वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थ्याला वास्तू वाचायला वेगळे शिकवावे लागत नाही. सेवाग्रामच्या बापूकुटीतील माती, बांबू, कवेलू आणि मीराबेन यांनी भिंतीवर उठवलेली चित्रे यांतून विचार वाचण्याची सवय आपल्याला केव्हाच जडली आहे. मग लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घरापाशी येताच आपली समीक्षा मुकी का होते?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते हे विटांचे घर. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले. तेथील संग्रहालयाला स्थानिक कौन्सिलने २०१८ मध्ये परवानगी नाकारली; मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी ती दिली. आपण किंमत मोजली, वादाच्या बातम्या वाचल्या, छायाचित्राला वंदन केले. घर वाचायचे राहूनच गेले.

‘परक्या घराचा मराठी साहित्याशी काय संबंध?’ असे विचारणाऱ्यांना आम्ही ‘मूकनायक’ पुन्हा उघडायला सांगू. ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्याने ज्या मजल्यावर जन्मावे, त्याने तेथेच मरावे. मराठी गद्यातील ही प्रतिमा मुळातच वास्तुशास्त्रीय आहे आणि तिचा कर्ता त्याच वर्षी लंडनला गेला.

लंडनचे रांगेतले घर म्हणजे तरी काय? १६६६ च्या आगीनंतर कायद्याने लाकूड हटवून वीट आणली. दर्शनी जागा महाग, म्हणून घर अरुंद; शेजाऱ्याशी सामाईक भिंत; वाढ आडवी नव्हे, उभी. तळघरात स्वयंपाकघर, त्यावर दिवाणखाना, माळ्यावर नोकरांच्या खोल्या. १७७४ च्या कायद्याने तर किंमत आणि क्षेत्रफळ पाहून घरांच्याही प्रती ठरवल्या. तेव्हा या विटांत समता शोधणाऱ्या भाबड्या भक्तांशीही आमचे भांडण आहे. तळघरातला कोळसा वरच्या शेगड्यांपर्यंत वाहून नेणारी मोलकरीण त्यांच्या स्तोत्रात कोठेच नाही.

तरीही एक भेद उरतो. हे मजले जिन्याने जोडलेले होते आणि पुढे अशा कितीतरी घरांतल्या खोल्या भाडेकरूंना मिळू लागल्या. १९१७ मध्ये बडोद्यात, संस्थानच्या नोकरीत असूनही, बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले. तेथे भाडे देण्याची ऐपत पुरी पडली नाही, जात आडवी आली. लंडनमध्ये वर्ग होता, वंशाचा अहंकार होता. पण भाडे भरणाऱ्या विद्यार्थ्याला जिना चढता येत होता.

हा फरक बापूकुटीच्या साधेपणाशी ताडून शिकवला गेला पाहिजे. कुटीने गरजा कमी करण्याचा धडा दिला. ज्याला गावाने घरच नाकारले, त्याचा प्रश्न त्या धड्याने सुटत नाही. चरित्राच्या तासाला ‘लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले’ एवढ्यावर थांबणारा अध्यापक विद्यार्थ्याला ‘मूकनायक’मधला मनोरा दाखवतो आणि जिना लपवतो.