कॉफीला उगाच बोल

कॉफी उष्ण पडते, पित्त करते, झोप उडवते, किडनीवर येते आणि मुळात ती आपल्या मातीतली नाही. आपला तो चहाच. आमच्या भागातले एक जाणते गृहस्थ हे चारचौघांत डॉक्टरी थाटात सांगत फिरतात आणि ऐकणारे माना डोलावतात. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

मातीचे आधी बघू. चहा तरी खामगाव-चिखलीच्या काळ्या मातीत कुठे उगवतो? आसामात इंग्रजांनी चहाचे मळे लावले ते एकोणिसाव्या शतकात. कर्नाटकात बाबाबुदनच्या डोंगरावर कॉफी आली ती सतराव्या शतकात, असे परंपरा सांगते. लांब कशाला जायचे? आपल्या शेजारी मेळघाटात, चिखलदऱ्याला कॉफी पिकते. आपल्या संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा अभयारण्य त्याच मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येते. सातपुडा एकच आहे, मग कॉफी परकी कशी झाली?

किडनीच्या आरोपाची मला चीड येते. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजाराने घरातली कर्ती माणसे गेली. त्या घरांत कॉफी कोण पीत होते? चुलीवर चहाच उकळत होता. तिथली माणसे वर्षानुवर्षे विहिरी-बोअरच्या खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवत आली, गोड्या पाण्यासाठी भांडत आली. त्यांच्या देखत कॉफीला दोष देणे म्हणजे पाण्याचा प्रश्न झाकणे होय.

आता पित्त. हे गृहस्थ कॉफी म्हणून काय पितात ते एकदा नीट बघावे. बाजारातली झटपट पावडर, तिच्यात बहुतेकदा चिकोरी मिसळलेली. मिश्रणात निम्म्याच्या आसपास चिकोरी असली तरी कायद्याला चालते; पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, वाचतो कोण? ही पावडर साईसकट दुधात टाकायची, तीन चमचे साखर घालायची आणि पातेले वर येईस्तोवर दोनदा कढवायचे. वरून जायफळ. ते सकाळी उपाशीपोटी एकदा आणि रात्री जेवणावर एकदा प्यायचे, एकादशीला तर दिवसभर तेच. मग छातीत जळजळ झाली की खापर कॉफीवर! कॉफीने पोटातले आम्ल वाढते हे खरे, पण ते चहानेही वाढते. उपाशीपोटी, कढत आणि गोडमिट्ट घेतलेले दुसरे कुठलेही पेय त्या पोटाला मानवले असते का? जायफळाशी माझे भांडण नाही, आजीच्या हातची ती चव मलाही प्रिय आहे. पण ते गोड दूध झाले. त्यावरून कॉफीचा निवाडा करता येत नाही.

झोप उडते, कारण कॉफी रात्री घेतली जाते. दुपारी चारनंतर घेऊ नये. कर्करोगाचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 साली कॉफीला संशयितांच्या यादीतून काढले आणि ठपका ठेवला तो 65 अंशांवरच्या कढत पेयांवर, त्यात चहाही आला.

कॉफीला नावे ठेवणाऱ्या याच मंडळींनी पूर्वी जवसाच्या चटणीला आणि घाण्याच्या करडई तेलाला गावंढळ ठरवले होते. आज तेच तेल शहरातून दुप्पट दराने आणतात. तेव्हाही मी हेच सांगत होतो की चाखा, तपासा, मग बोला.

कॉफीच्या बाजूने बोलायचे तर, रोज तीन-चार कप कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे आजार आणि मधुमेह कमी आढळतात, असे मोठमोठ्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. कॉफीनेच ते टळतात हे त्यातून सिद्ध होत नाही, पण ती विष नाही एवढे नक्की. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कॅफीनची मर्यादा दिवसाला 300 मिलीग्रॅम घातली आहे. घरच्या गाळलेल्या कॉफीच्या 150 मिलिलिटर कपात ते 80 ते 120 मिलीग्रॅम असते. जेवणाआधी-नंतर तासभर ती नको, लोह अंगी लागत नाही. रक्त कमी असलेल्या बायकांनी तर नकोच. गरोदरपणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

करायची कशी? बिनचिकोरीची, ताजी दळलेली पूड घ्यावी. स्टीलच्या फिल्टरच्या वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड सपाट करून वर चकती ठेवावी. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि ते गोल फिरवत ओतावे. पंधरा-वीस मिनिटांत खाली काळाभोर अर्क थेंबथेंब जमतो. तो पुन्हा उकळायचा नाही. गरम दूध वेगळे करून त्यात घालायचे. साखर अर्धा चमचा, नाहीतर नकोच. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी कागदी फिल्टर वापरावा, ते वाढवणारा तेलकट अंश त्यात अडकतो.

खारपाणपट्ट्यातल्या वाचकांना एक विनंती: कॉफीला बोअरचे पाणी घेऊ नका, जारचे घ्या. खाऱ्या पाण्यात उत्तम पूडसुद्धा बेचव होते.