विश्लेषण : राष्ट्रीय विजेता फुटबॉल संघ चार वर्षांत बंद का झाला?

मुंबईच्या महिंद्रा युनायटेडची सुरुवात १९६२ मध्ये कंपनीचा संघ म्हणून झाली. ड्युरंड चषक तीनदा (१९९८, २००१, २००८), फेडरेशन चषक दोनदा (२००३, २००५) आणि २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग या संघाने जिंकली. तरीही २०१० मध्ये तो बंद झाला. शालेय फुटबॉलवर भर देण्याचे कारण कंपनीने दिले. मैदानावरचे निकाल चांगले होते. पण भवितव्य एकाच कंपनीच्या हाती होते. याउलट कोल्हापुरात तालीम मंडळांचे संघ पेठांच्या पाठबळावर अनेक दशके टिकून आहेत. सिरसाळ्यासारख्या गावात संघ उभारताना पुरस्कर्ता हवाच. मात्र एकाच देणगीदारावर विसंबून चालणार नाही. संघ गावाचा झाला, तरच तो टिकेल.