इथेनॉलच्या बैठकीत आरोग्याची खुर्ची कुठे?

मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वे १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याच्या काही आठवडे आधी, पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. मांजरा धरणाने तळ गाठला होता. लातूरकरांना हे सांगण्याची गरज नाही. मात्र या आठवणीत आता आणखी एका आकड्याची भर घालायला हवी. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने जून २०२१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा आराखडा प्रसिद्ध केला. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे त्यातच नमूद आहे. म्हणजे त्या पहिल्या रेल्वेतले सगळे पाणी जेमतेम पावणेदोनशे लिटर इथेनॉलचे झाले.

हा हिशेब थेट उसाच्या रसाचा आहे. साखर काढून उरलेल्या मळीपासून इथेनॉल केले तर पाण्याचा बराच भार साखरेच्या खात्यावर जातो, आणि उसाला लागणाऱ्या पाण्यात काही वाटा पावसाचाही असतो. तरीसुद्धा आकड्याचा आकार लहान होत नाही. राज्याच्या लागवडीखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवर असलेला ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी पितो, हे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाचे निरीक्षण आहे.

इथेनॉल ही आज भारताच्या हवामान धोरणाची ठळक खूण झाली आहे. आयात होणारे तेल कमी, कार्बन कमी, शेतकऱ्याला पैसा, असा तिहेरी युक्तिवाद त्यामागे आहे आणि तो खोटा नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०३० साठी होते. ते पुढे २०२५ वर आणले गेले आणि गाठलेही गेले. एवढ्या वेगाने पुढे गेलेली धोरणे आपल्याकडे थोडी. हा वेग कुणाच्या रेट्यामुळे आला आणि त्या रेट्यात कोणता आवाज ऐकूच आला नाही, हे पाहणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक आहे.

धोरणावर उद्योग प्रभाव टाकतो तो बहुधा एकट्या कंपनीच्या नावाने नव्हे, तर संघटनेच्या नावाने. याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १९८९ मध्ये तेल, कोळसा, मोटार आणि इतर उद्योगांनी मिळून ‘ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन’ ही संघटना उभी केली. नाव ऐकून वाटावे की हवामान वाचवायला निघालेली मंडळी आहेत! काम नेमके उलट होते. एक्सॉन कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी तापमानवाढीचे अंदाज १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बांधले होते. ते बहुतांशी अचूक ठरल्याचे २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील अभ्यासाने दाखवले. पण बाहेर संघटनांमार्फत ‘विज्ञान अजून अनिश्चित आहे’ हाच सूर लावला जात होता. १९९८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने तयार झालेल्या एका अंतर्गत आराखड्यात, सामान्य माणसाच्या मनात ही अनिश्चितता रुजली की आपण जिंकलो, अशा आशयाचे उद्दिष्ट लिहिलेले होते. क्योटो करारातून अमेरिका २००१ मध्ये बाहेर पडली. तेव्हा परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्यांसाठी तयार केलेल्या टिपणात, राष्ट्राध्यक्षांनी करार नाकारला तो काही अंशी तुमच्या सूचनांमुळे, असे या संघटनेला सांगण्याचा मुद्दा होता. संघटना २००२ मध्ये गुंडाळली गेली. तिचे काम झाले होते.

कंपनीचे नाव पुढे येत नाही, हीच संघटनेची सोय. जाहिरातीत कंपनी हिरवी असते आणि मंत्रालयात तिची संघटना विरोध करते.

भारतात चित्र वेगळे आहे. इथल्या मोठ्या तेल कंपन्या सरकारच्याच मालकीच्या आहेत. इथेनॉलच्या व्यवहारात त्या खरेदीदार आहेत आणि विकणारे साखर कारखाने व धान्यावर चालणाऱ्या डिस्टिलऱ्या. इथला संघटित उद्योग हवामान धोरणाला विरोध करत नाही, उलट ते हवेच म्हणतो. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंडियन शुगर मिल्स असोसिएशन’ने अलीकडे नावच बदलले, त्यात साखरेच्या जोडीला आता ‘बायो-एनर्जी’ आहे. सहकारी कारखान्यांचा राष्ट्रीय महासंघ आहे, राज्यात साखर संघ आहे, खासगी कारखान्यांची वेगळी संघटना आहे. इथेनॉलचा दर वाढवा, उसाच्या इथेनॉलचा कोटा वाढवा, २० टक्क्यांच्या पुढे जा, या त्यांच्या मागण्या उघड आहेत. त्या मागणे हा त्यांचा हक्कही आहे.

या संघटनांचे वजन किती, हे डिसेंबर २०२३ मध्ये दिसले. त्या वर्षी पाऊस कमी झाला, राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. साखरेचे उत्पादन घटणार म्हणून केंद्राने ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. कारखानदारीतून ओरड झाली, राज्यातले नेते दिल्लीला गेले, आणि १५ डिसेंबरला १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत रस व बी-हेवी मळी वापरण्याची मुभा मिळाली. आठ दिवस! पुढच्या हंगामासाठी तर बंधनेच उठली. त्या आठ दिवसांच्या चर्चेत साखरेचा भाव होता, कारखान्यांची गुंतवणूक होती, शेतकऱ्यांची थकणारी बिले होती. पिण्याचे पाणी नव्हते. बंदी घालतानाही नव्हते आणि ती सैल करतानाही नव्हते.

उसाच्या बाजूने बोलणाऱ्याला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. मांजरा-तेरणेच्या पट्ट्यात ज्याच्याकडे थोडे पाणी आहे, त्याच्यासाठी ऊस हे हमखास खरेदी होणारे, कायद्याने दर ठरलेले जवळजवळ एकमेव पीक आहे. सोयाबीनचे काय होते, ते लातूरच्या मोंढ्यात दरवर्षी दिसते. त्यात आता नवी भर अशी की, मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्यात स्वस्त पडतो आणि सोयापेंडीची मागणी खाली ओढतो. सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची संघटना याबद्दल तक्रार करते आहे. म्हणजे संघटना विरुद्ध संघटना असा सामना आहे आणि ज्याची कुठलीच संघटना नाही, तो बांधावर उभा.

आरोग्याचे तसेच आहे. पाणी तुटले की दवाखान्यात काय येते, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयाची ओपीडी सांगेल. टँकरच्या आणि साठवलेल्या पाण्यातून जुलाब, कावीळ. उघड्या पिंपांत वाढणारे डास आणि मागोमाग डेंग्यू. मुतखडे. पाणी जपून वापरायचे म्हणून कमी पिणाऱ्या बायकांना होणारे मूत्रमार्गाचे संसर्ग. बोअर जसजशी खोल जाते, तसे काही भागांत फ्लोराइड वाढते. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत पिवळे-तपकिरी दात आणि ताठरलेले सांधे त्यामुळेच दिसतात. डायलिसिसवरच्या एका रुग्णाच्या चार तासांच्या एका फेरीला सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते, आणि ते तयार करताना वाया जाणारे वेगळे. अशा रुग्णाला पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा, असे सांगता येत नाही. याशिवाय ऊसतोड करणाऱ्यांची उन्हात, पुरेसे पाणी न पिता होणारी कष्टाची कामे आहेतच.

इथेनॉलचे आरोग्याला फायदेही आहेत आणि तेही मोजले पाहिजेत. त्याच नीती आयोगाच्या अहवालानुसार २० टक्के मिश्रणाने दुचाकीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्याने कमी होतो. अॅसिटाल्डिहाइडसारखी द्रव्ये मात्र वाढतात. शहरातल्या हवेचा लाभ आणि गावातल्या पाण्याचा तोटा एकाच ताळेबंदात मांडण्याचे काम कुणाचे? आज ते कुणाचेच नाही. उलट जून २०२१ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने, सांडपाणी बाहेर न सोडण्याच्या अटीवर, मिश्रणासाठी इथेनॉल बनवणाऱ्या धान्याधारित प्रकल्पांना मर्यादित काळासाठी अशा वर्गात टाकले, ज्यात पर्यावरणीय आघाताचा अहवालही लागत नाही आणि जनसुनावणीही लागत नाही. गावाला बोलण्याची जी एक औपचारिक संधी होती, तीही गेली.

याआधी कुणी इशारा दिला नव्हता, असेही नाही. २०१९ मध्ये औरंगाबादच्या विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात ऊस लागवड आणि कारखान्यांवर बंदीची शिफारस करणारा अहवाल सरकारला पाठवला. २०१७ मध्ये राज्याने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला होता. अहवाल फायलीत राहिला आणि सक्ती फारशी शेतापर्यंत पोहोचली नाही. या अहवालांच्या मागे दिल्लीत पाठपुरावा करणारी कार्यालये नव्हती.

अमेरिकेत १९९५ पासून आणि युरोपीय संघात २०११ पासून अशा पाठपुराव्याची नोंदवही ठेवली जाते. कोणती संघटना कुणाला, कशासाठी भेटली, याचा निदान काही माग लागतो. भारतात तसा कायदा नाही. पण केंद्र सरकारनेच २०१४ मध्ये ठरवलेले पूर्वसल्लामसलतीचे धोरण आहे. कायद्यांचे आणि नियमांचे मसुदे तीस दिवस लोकांपुढे ठेवावेत आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा जाहीर करावा, असे ते सांगते. २० टक्क्यांच्या पुढे जाण्याचा निर्णय होण्याआधी याच धर्तीवर साखर, धान्य, मोटार आणि तेल उद्योगाच्या संघटनांनी दिलेली निवेदने संकेतस्थळावर टाकायला नवा कायदा लागत नाही.

दुसरी गोष्ट जिल्ह्यातच करण्यासारखी आहे. हवामानबदल आणि मानवी आरोग्य यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून आहे आणि जिल्हा पातळीवर त्याची जबाबदारी आरोग्य यंत्रणेतल्या अधिकाऱ्याकडे असते. आज त्याचे काम बहुतेक उष्माघाताच्या नोंदींपुरते आहे. लातूर आणि नांदेडमध्ये नवी डिस्टिलरी किंवा जुनीची क्षमतावाढ मंजूर होण्यापूर्वी या अधिकाऱ्याचे लेखी मत घ्यावे. परिसरातल्या गावांचे पाणी दर उन्हाळ्यात फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतूंसाठी तपासावे, आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. पहिली तपासणी कारखाना सुरू होण्याआधीची असली पाहिजे, कारण नंतरच्या आकड्यांची तुलना तिच्याशीच करायची आहे.