डिस्क भरली आणि 14 कारखाने थांबले: चाकणने यातून काय घ्यावं?

फोनवर ‘स्टोरेज फुल’ दिसलं की आपण चार व्हिडिओ उडवतो आणि विषय संपतो. टोयोटाचा विषय इतक्यात संपला नाही. 29 ऑगस्ट 2023 ला जपानमधले तिचे सगळे 14 असेंब्ली प्लांट बंद पडले. अनेकांना आधी सायबर हल्ल्याची शंका आली. खरं कारण कंपनीने 6 सप्टेंबरला सांगितलं. 27 ऑगस्टच्या मेंटेनन्समध्ये डेटाबेसमधला साठलेला डेटा साफ करताना डिस्कवर जागा कमी पडली आणि पार्ट्सच्या ऑर्डर हाताळणारे सर्व्हर थांबले. बॅकअपही त्याच सिस्टीमवर होता, म्हणून तोही अडकला. शेवटी मोठ्या क्षमतेच्या सर्व्हरवर डेटा हलवला, तेव्हा काम सुरू झालं.

हे मी पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या मुलांसाठी मुद्दाम लिहितोय. इथले टाटा मोटर्स, बजाज, महिंद्रासारखे मोठे प्लांट आणि भोसरीतली छोटी वर्कशॉप एकमेकांवर अवलंबून आहेत. पार्ट्सचा ढीग न लावता लागतील तसे मागवायचे, ही पद्धत टोयोटानेच रुजवली. तिच्यात ऑर्डर अडकली की माल अडकतो, आणि छोट्या वर्कशॉपकडे थांबायची ताकद सगळ्यात कमी असते.

मग जागेवर लक्ष कसं ठेवतात? युनिक्स-लिनक्सवर ‘डीएफ’ ही कमांड डिस्क एकूण किती भरली ते सांगते, तर ‘डीयू’ कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते. कधी कधी दोघांचे आकडे जुळत नाहीत. डिलीट केलेली फाईल एखाद्या प्रोग्रामने उघडी ठेवली असेल, तर डीयूला ती दिसत नाही, पण जागाही सुटत नाही.

तिसरं हत्यार म्हणजे ‘कोटा’. यात प्रत्येक युजरला दोन मर्यादा असतात. सॉफ्ट लिमिट ओलांडली की मुदत मिळते, बहुतेक ठिकाणी 7 दिवसांची. हार्ड लिमिटला पोचलात की पुढे काहीच सेव्ह होत नाही. आपल्या गुगल अकाउंटचे फुकटचे 15 जीबी हाही एक कोटाच.

पण माझ्या मते नुसत्या कोट्याने टोयोटा वाचली नसती. तिथे अडचण साफसफाई करतानाच आली, कारण साफसफाईलाही रिकामी जागा लागते. म्हणून उद्या एखाद्या कंपनीच्या आयटी विभागात ट्रेनी म्हणून लागलात, तर दोन प्रश्न जरूर विचारा: मेंटेनन्सला किती जागा लागेल, हे आधी मोजलंय का? आणि बॅकअप खरंच वेगळा आहे का?