बाळंतिणीची विचारपूस



संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा दणक्यात पार पडलं. तिळगूळ पुरून उरला, वाण सगळ्यांना आवडलं आणि सामुदायिक बोरन्हाणाला तर हॉल अपुरा पडला. गेल्या वर्षी मंडळातल्या बऱ्याच घरांत पाळणे हलले. हलव्याचे दागिने घातलेल्या त्या चिमुरड्यांचे फोटो आतल्या पानांवर आहेत. संपादकीय मात्र त्यांच्या आयांविषयी आहे.

बोरं-चुरमुऱ्यांची लुटालूट चालली असताना एक आई खुर्च्यांच्या रांगेमागे उभी होती. बाळ पाच महिन्यांचं. दोघी-तिघींनी ‘अगं, बस ना’ म्हणून जागा करून दिली, तरी ती हसून उभीच राहिली. नंतर आत चहा गाळताना तिने सांगितलं, की प्लास्टिकच्या खुर्चीवर तिला अजून बसवत नाही. कळा खूप लांबल्या, शेवटी फोर्सेप्स लावावे लागले, खोलवर फाटलं आणि ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन टाके घातले. घरी ती मऊ उशीवर एका कुशीला कलून बाळाला पाजते. शिंक येतेय असं वाटलं की आधी पाय आवळून घेते. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर आई म्हणाली, ‘सगळ्यांनाच होतं गं, विसरशील हळूहळू.’ तिच्या परवानगीने हे लिहिते आहे, कारण तिच्यासारख्या आणखी काही जणी त्या दिवशी हॉलमध्ये असणार, याची मला खात्री वाटते.

तिच्या आईची माया खरी आहे, पण हा सल्ला पुरेसा नाही. अवघड बाळंतपणात शरीराला इजा होते, आणि इजेवर उपचार करावे लागतात. पहिलटकरणीला थोडंफार फाटणं अगदी नेहमीचं, आणि ते बहुधा काही आठवड्यांत भरून येतं. काही वेळा मात्र ही चीर गुदद्वाराभोवतीच्या स्नायूपर्यंत जाते. तिला इथे ब्रिटनमध्ये ‘थर्ड डिग्री’ किंवा ‘फोर्थ डिग्री टेअर’ म्हणतात. इथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या माहितीनुसार नैसर्गिक मार्गाने होणाऱ्या पहिल्या बाळंतपणात १०० पैकी सुमारे ६ जणींना अशी इजा होते. लांबलेल्या कळा, मोठं बाळ आणि फोर्सेप्स यांनी धोका वाढतो. त्याच यादीत आणखी एक गोष्ट आहे: दक्षिण आशियाई वंशाची असणं. म्हणजे हा प्रश्न आपल्या घरांत जास्त असण्याची शक्यता आहे, आणि आपण त्याच्याविषयी सर्वांत कमी बोलतो.

दिलासाही त्याच कॉलेजच्या माहितीत आहे. स्नायू नीट शिवला गेला, तर वर्षभरानंतर १०० पैकी ६० ते ८० जणींना काही त्रास उरत नाही. पण त्याला वर्षही लागू शकतं, आणि उरलेल्या जणींना पुढचे उपचार लागू शकतात. सहा आठवड्यांनी ‘आता ठणठणीत ना?’ असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सिझेरियन झालेल्यांचंही तसंच. वरची जखम सुकली तरी आतले थर भरायला वेळ लागतो, आणि व्रणाभोवतीचा बधिरपणा महिनोन्‌महिने राहू शकतो.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. बाज, मालिश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा हे सगळं आपण प्रेमाने आठवतो. या रिवाजाचा गाभा मला वाटतो तो असा, की त्या दिवसांत तिला कोणी कामाला हात लावू देत नसे. इथे नवऱ्याची हक्काची रजा दोन आठवड्यांची. मिडवाइफ पहिले काही दिवस येते, पुढे हेल्थ व्हिजिटरकडे काम सोपवते. आईचा व्हिसा वेळेवर आला तर ठीक. नाही तर तिसऱ्या आठवड्यात टाक्यांची बाळंतीण बाळाचा कारसीट उचलून एकटी जिना उतरताना दिसते.

रिवाज पाळताना थोडं तारतम्यही हवं. ताज्या टाक्यांवर शेक-धुरी नको. पोट आवळून बांधण्याआधी फिजिओथेरपिस्टला विचारावं. लाडवांच्या जोडीला भाज्या, फळं आणि भरपूर पाणी हवंच, कारण बद्धकोष्ठ झालं की सगळा ताण टाक्यांवर येतो. डॉक्टरांनी शौच मऊ होण्याचं औषध दिलं असेल, तर ‘सवय लागेल’ म्हणून ते मध्येच बंद करू नये.

मैत्रिणींनो, आता थोडं तुमच्याशी. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, होणारी तपासणी तुमचीही असते, फक्त बाळाची नसते. वेळ थोडा मिळतो आणि त्यातला बराचसा बाळावर जातो, म्हणून घरून लिहून न्या. बसताना दुखतं. खोकल्यावर लघवी सुटते. गॅस किंवा शौच आवरत नाही. नवऱ्याजवळ जायची भीती वाटते. ही वाक्यं जशीच्या तशी कागदावर असू द्या. बोलता आलं नाही तर कागद पुढे करा. ‘आय ॲम फाइन’ म्हणून उठू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी स्वतंत्र फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे पाठवा असं स्पष्ट मागा. अनेक भागांत जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच नाव नोंदवता येतं. इंग्रजीत हे बोलणं अवघड वाटलं, तर मोफत दुभाषी मागता येतो. सहा-आठ आठवडे केव्हाच उलटले असले, बाळ शाळेत जाऊ लागलं असलं, तरी उशीर झालेला नाही. आणि ताप, घाण वासाचा स्राव, अचानक वाढलेला रक्तस्राव, पोटरीत दुखून सूज किंवा धाप लागणं यांपैकी काहीही झालं, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच वैद्यकीय मदतीसाठी फोन करा.

मनाचंही तसंच आहे. लेबर रूममधला तो प्रसंग रात्री पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, हॉस्पिटलच्या रस्त्याने जाववत नाही, बाळाकडे पाहूनही आनंद होत नाही. अशी आई नाजूकही नसते आणि कृतघ्नही नसते. तिला मदत हवी असते. बऱ्याच हॉस्पिटलांत मिडवाइफबरोबर बसून आपल्या बाळंतपणाची केसनोंद समजून घेता येते. नेमकं काय झालं, का झालं, पुढच्या खेपेला काय करता येईल, हे कळलं की मनावरचा भार हलका होऊ शकतो.

याविषयी उघडपणे बोलणारेही आहेत. ऑक्टोबर २०२३मध्ये तेव्हाच्या खासदार थिओ क्लार्क यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये स्वतःच्या अवघड बाळंतपणाची हकिगत सांगितली. त्यानंतर त्यांच्या पुढाकाराने सर्वपक्षीय खासदारांच्या गटाने चौकशी केली, तिच्याकडे तेराशेहून अधिक अनुभव लिहून आले आणि मे २०२४मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. देशाच्या संसदेत जे उघडपणे बोललं जातं, ते आपल्या दिवाणखान्यात दबक्या आवाजातही बोललं जाऊ नये, हे मला खटकतं.

घरातल्या मंडळींनाही एक विनंती. नवरोबांनी रात्री एकदा बाळाला दूध देणं आणि सगळं वजन उचलणं आपल्याकडे घ्यावं, आणि तपासणीला बरोबर जावं. भारतातून येणाऱ्या आज्यांनी ‘आमच्या वेळी’ची गोष्ट सांगताना आपलं काय दुखलं होतं तेही लेकी-सुनांना सांगावं. त्यांच्यातल्या कित्येक जणी खोकताना पदर तोंडाशी आणि पाय एकमेकांशी घट्ट धरून आयुष्यभर वावरल्या. त्यांनी गप्प राहून सोसलं, म्हणून पुढच्या पिढीनेही सोसावं असं त्यांनाही वाटत नसेल.

आपलं मंडळ यात काय करू शकतं? माहेर इथे आणता येत नाही, पण माहेरची काही कामं वाटून घेता येतात. कार्यकारिणीने ठरवलं आहे, की बाळंतीण घरी आली की पहिले सहा आठवडे तिच्याकडे आळीपाळीने डबा पोचवायचा. डबा दारात द्यायचा, ‘बाळ दाखव’ म्हणून आत बसायचं नाही. तिला झोपायला मिळावं म्हणून तासभर बाळ सांभाळतील अशा स्वयंसेविकांची यादीही करतो आहोत. आपल्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट सभासदाने पाडव्याच्या आधी फक्त बायकांसाठी मराठीतून माहितीसत्र घेण्याचं कबूल केलं आहे. तिथे कुठलाही प्रश्न विचारायला संकोच नको.

डब्यासाठी किंवा बाळ सांभाळण्यासाठी ज्यांना नाव द्यायचं असेल, त्यांनी या महिनाअखेरपर्यंत कार्यकारिणीतल्या कोणालाही कळवावं. आणि ज्यांना मदत हवी आहे, त्यांनी मुळीच अनमान करू नये. बाळ दोन आठवड्यांचं असो की दोन वर्षांचं, दुखतंय तोवर तुमची विचारपूस करणं हे आमचं काम आहे.

आपली,
संपादक