शेरा आहे, सही कुठे?

मुलाने रात्र जागून इंग्रजीत निबंध लिहावा आणि यंत्राने सांगावे, 'हा तुझा नव्हे'! कृत्रिम बुद्धिमत्तेचे लिखाण पकडणारी यंत्रणा आता विद्यापीठांत आली आहे. तिचा न्याय कसा आहे?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली अशा सात यंत्रणा तपासल्या. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. सरासरी निम्म्याहून अधिक निबंध 'यंत्रलिखित' ठरले! परकी भाषा शिकलेला माणूस मोजके शब्द, सरळ वाक्ये वापरतो. यंत्राला नेमका त्याचाच संशय येतो.

तिथल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हिशेब मांडला. २०२२ साली ७५ हजार निबंध तपासणीला गेले होते. शंभरात एक चूक धरली, तरी ७५० निबंधांवर खोटा आळ! ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी ही तपासणी बंद केली.

आम्हा कारकुनांच्या शेऱ्याखाली सही असते; उद्या जाब विचारता येतो. यंत्राच्या शेऱ्याखाली कुणाची सही? म्हणून विद्यापीठांनी नियमातच लिहावे : यंत्राचा निकाल हा पुरावा नव्हे, आधी विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकावे.

आणि घरातून प्रथमच कॉलेजात गेलेल्या मुला-मुलींनो, यंत्राची मदत घेतली तर उघड सांगा. कच्चे मसुदे फाडू नका. तारीख घालून जपून ठेवा. तुमच्या कष्टाची साक्ष तेच कागद देतील.